ओढ्यावरचं टेबल आणि आम्ही सगळे ग्रिम्बलशॉ

माणसानं आयुष्यात एकदा तरी दुसऱ्याचं भलं करायला जावं, म्हणजे पुन्हा जावंसं वाटत नाही. मी गेलो होतो. माझ्या डोक्यावर उजवीकडे, भांग संपतो तिथे, अजून एक टेंगूळ आहे. ग्लेनिस म्हणते ते आता दिसत नाही. पण ग्लेनिस माझी बायको आहे, आणि माझं दुखलं-खुपलं तिला लग्नापासूनच दिसत नाही.

सुरुवात विनी आत्यापासून झाली. आत्या तेव्हा चौऱ्याऐंशीची, लँकेशायरात क्लिदरोला एकटी राहते. दात स्वतःचे आणि मतंही स्वतःची. त्या वर्षी हिवाळा संपता संपता डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि खिडकीबाहेर बघत हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. आमच्याकडचे डॉक्टर हवापाण्याबद्दल बोलायला लागले की काय ते समजायचं असतं. आत्या समजली. त्याच आठवड्यात तिनं मला चहाला बोलावलं.

"डेस्मंड," ती म्हणाली, "मला जायची घाई नाही. पण जायच्या आधी एकदा कथबर्टबरोबर एका टेबलावर चहा घ्यायचाय."

मी हातातला कप बशीत ठेवला. कथबर्ट म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा काका. राहतो स्किप्टनला, म्हणजे आमच्यापासून बसनं तासाभराच्या अंतरावर. आणि ही दोघं एकमेकांशी शेवटची बोलली ती आजोबांना पुरून आल्यावरच्या चहाला, एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली. हे मी सांगतोय ते पंचाहत्तर सालचं.

भांडण पैशाचं असतं तर मिटलं असतं. भांडण आडनावाचं होतं. आम्ही ग्रिम्बलशॉ. ज्या रानावरून हे नाव पडलं ते रान एका ओढ्याकाठी होतं. ओढ्याच्या अलीकडे लँकेशायर परगणा, पलीकडे यॉर्कशायर. रान तुटून शेकडो वर्षं झाली, तिथे आता मेंढ्या चरतात. पण ते नेमकं कुठल्या काठाला होतं, हा प्रश्न काकानं त्या दिवशी हॅमची बशी फिरत असताना काढला. काका नुकताच स्किप्टनच्या मुलीशी लग्न करून तिकडे राहायला गेला होता, आणि नव्यानं यॉर्कशायरचा झालेला माणूस जन्मजात यॉर्कशायरवाल्यापेक्षा दुप्पट यॉर्कशायरचा असतो. "आपण ग्रिम्बलशॉ मुळात यॉर्कशायरचेच," तो म्हणाला. आत्या म्हणाली, "हे बाबा ऐकत असताना म्हणायचं होतंस." काकानं टोपी उचलली आणि गेला. तेव्हापासून नाताळला दोघं एकमेकांना कार्ड पाठवायची, त्यावर मजकूर काही नाही, नुसतं आडनाव. सख्ख्या बहिणीला कुणी आडनावानं सही करतं का? आमच्याकडे करतात.

"मग मी घेऊन येतो काकांना," मी म्हणालो.

"तो लँकेशायरात पाय ठेवणार नाही. शपथ घेतलीय त्यानं."

"मग तुला नेतो."

"मी यॉर्कशायरात पाय ठेवणार नाही. मीही घेतलीय. कसं करायचं ते तू बघ. बँकेत असिस्टंट मॅनेजर होतास ना?"

हा टोमणा होता. मॅनेजर न होताच निवृत्त झालो, याची आत्या मला दर भेटीत आठवण करून देते. पण मला तिथेच, तिच्या खुर्चीत बसल्या बसल्या, एक नामी कल्पना सुचली. टेबल ओढ्यावरच मांडायचं. अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे. आत्या लँकेशायरच्या टोकाला, काका यॉर्कशायरच्या टोकाला, आणि मधून पाणी वाहतंय. कुणाची शपथ मोडत नाही आणि टेबल एकच. मी काकाला तसं लिहून टाकलं. उलट टपाली पोस्टकार्ड आलं, "माझ्या बाजूला ऊन असेल तर येईन."

इथे मी थांबायला हवं होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, एक थर्मास. पण आमच्या शेजारी मिस्टर बर्टविसल राहतात. त्यांच्या आणि आमच्या बागेमध्ये एक कुंपण आहे, त्याची एकमेव जबाबदारी त्यांना थोपवायची, आणि ती त्याला कधी जमलेली नाही.

"ओढा कुणाच्या मालकीचा?" कुंपणावर कोपरं टेकून त्यांनी विचारलं.

"मेंढ्यांच्या," मी म्हणालो.

"परवानगी काढा. माझ्या मेव्हण्यानं न विचारता नदीकाठी सँडविच खाल्लं होतं, अजून पत्रं येतात त्याला. आणि काय हो, आडनाव एवढं जुनं, तर बाकीच्या ग्रिम्बलशॉंनाही कळवा की. पेपरात चार ओळी द्या."

"बाकीचे कुणी नाहीत. आम्ही पाचजण."

"असं प्रत्येकालाच वाटतं," बर्टविसल म्हणाले आणि आत गेले. चार ओळी त्यांनीच दिल्या, माझ्या पत्त्यासकट. वर माझ्यासाठी टपालानं आडनावाचं मानचिन्हही मागवलं, लाकडी ढालीवर रंगवलेलं. आलं तेव्हा त्यावर एक सिंह होता. बर्टविसल सिंह म्हणाले म्हणून सिंह. ग्लेनिसनं त्याला बराच वेळ मेंढी समजून कौतुक केलं.

परवानगीसाठी मी ओढ्यापाशी असलेल्या गावाच्या पॅरिश कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीकडे गेलो. तिथे मिस प्रॉक्टर नावाच्या चिटणीस होत्या, ताठ मानेच्या आणि गळाबंद स्वेटरच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्यांच्या पॅरिशची हद्द ओढ्याच्या मध्यापर्यंतच. टेबलाच्या पलीकडच्या पायांना पलीकडच्या पॅरिशची परवानगी लागेल.

"तिथे कुणाला भेटू?"

"पलीकडच्या चिटणीसांना. त्या गुरुवारी असतात."

गुरुवारी मी पूल ओलांडून पलीकडच्या गावात गेलो. कचेरीत मिस प्रॉक्टरच बसल्या होत्या. स्वेटर तेवढा वेगळा.

"आपण सोमवारी भेटलो," मी म्हणालो.

"ती मी अलीकडची," त्या म्हणाल्या. "आपलं काय काम आहे?"

मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं, मधे दोन प्रश्नही विचारले. मग म्हणाल्या, अलीकडच्या पॅरिशचा आक्षेप नाही असं आधी कळायला हवं. मी म्हटलं, बाई, तुम्हीच सांगा ना, आक्षेप आहे का? त्या म्हणाल्या, सोमवारचं मला गुरुवारी कसं सांगता येईल, मी त्यांना पत्र लिहिते. आणि लिहिलं. स्वतःला पत्र लिहिलं, तिकीट लावलं, पेटीत टाकलं, सोमवारी पुलाच्या अलीकडे उघडून वाचलं आणि माझ्यासमोर कपाळाला आठी घातली. "पलीकडच्या बाई फार घाई करतात," त्या म्हणाल्या. मी नोकरीत असताना असा माणूस मला मिळाला असता तर मी मॅनेजर झालो असतो.

शेवटी तोडगा निघाला. मे महिन्यात एका रविवारी दोन्ही पॅरिश हद्दीची फेरी काढतात. चर्चचे व्हिकर पुढे, लोक मागे, हातात विलोच्या छड्या, आणि हद्दीचा प्रत्येक दगड आला की त्याला छड्या मारायच्या, म्हणजे दगड कुठे आहे ते लोकांच्या लक्षात राहतं. ओढ्याकाठीही असा एक दगड आहे. त्या दिवशी दोन्ही पॅरिश तिथे असणारच, तर चहाही त्याच दिवशी करा, असं सोमवारच्या आणि गुरुवारच्या बाईंचं एकमत झालं. मी कागद घेऊन उठलो.

"आणि ते यॉर्कशायर तेवढं काढा तुमच्या अर्जातून," मिस प्रॉक्टर म्हणाल्या. "गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून पलीकडचा काठही लँकेशायरात आलाय. परगण्याची हद्द आता पार तिकडे सरकलीय."

मी पुन्हा खाली बसलो. सरकारनं परगण्यांच्या हद्दी बदलल्या हे मी पेपरात वाचलं होतं. पण सरकार जे बदलतं ते दुसऱ्यांसाठी असतं, असं धरून चालायची आम्हाला सवय. आता डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. काका ऊन बघून यॉर्कशायरच्या खुर्चीत बसलाय, हातात कप आहे, आणि कुणीतरी त्याला सांगतं की अहो, तुम्ही लँकेशायरात बसून लँकेशायरचा चहा पिताय. कप खाली, टोपी डोक्यावर. यावेळी परत यायला सत्तावीस वर्षं कुणाकडेच नव्हती. आणि आत्याला कळलं तर त्याहून वाईट. ती गप्प बसणारी बाई नव्हे. ती आनंदानं टाळ्या वाजवील, आणि त्या टाळीसरशी सगळं संपेल. मला खरोखर भीती वाटली.

"तोंड उघडू नका म्हणजे झालं," बर्टविसल म्हणाले. "आपल्या लोकांना न बोलायला सांगणं काय अवघड आहे?"

खरं होतं ते. पण व्हिकर दगडापाशी दरवर्षी भाषण करत, आणि त्यात या वर्षी 'हा दगड गेल्या वर्षापर्यंत दोन परगण्यांची सीमा होता' असं वाक्य होतं. मी त्यांच्याकडे गेलो आणि पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

"खोटं मी बोलणार नाही," व्हिकर म्हणाले. "पण एक वाक्य गाळीन. त्या बदल्यात माझी एक अडचण सोडवा. जुन्या रिवाजाप्रमाणे त्या दगडावर कुणाला तरी उलटं धरून त्याचं डोकं टेकवायचं असतं, हद्द लक्षात राहावी म्हणून. पूर्वी पोरं मिळायची. आता आया सोडत नाहीत."

"नुसतं टेकवायचं?"

"नुसतं टेकवायचं," ते म्हणाले. व्हिकर खोटं बोलत नाहीत, एवढ्यावर मी विश्वास ठेवला.

राहिली रस्त्यावरची नवी पाटी. स्किप्टनहून येताना काही मैल आधीच 'लँकेशायर' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली. रविवारी सकाळी मी आणि बर्टविसल ग्लेनिसची चांगली पांढरी चादर घेऊन गेलो आणि ती पाटीवर बांधली. चादरीवर लिहिलं होतं, 'ग्रिम्बलशॉ चहा, सरळ पुढे.' बांधताना मी रस्त्याकडेच्या खंदकात पडलो ते सोडून द्या. चादर चांगली होती हे मला ग्लेनिसनं नंतर सांगितलं, आणि अजून सांगते.

ओढ्यावर पोचलो तर कुरणात माणसंच माणसं. मी आधी समजलो फेरीचे लोक आहेत. मग त्यांचे कान पाहिले. आमच्या घराण्यात कान थोडे पुढे येतात, वारा ऐकायला निघाल्यासारखे. कुरणभर ते कान होते. प्रेस्टनचे ग्रिम्बलशॉ, हॅलिफॅक्सचे ग्रिम्बलशॉ, एक हल बंदरातला मासेवाला, एक दातांची डॉक्टरीण, आणि प्रत्येकजण दुसऱ्याचे कान बघून गालातल्या गालात हसत होता. माझ्या पिशवीत अकरा सँडविचं होती. पण आमची माणसं रिकाम्या हातानं येत नाहीत. लँकेशायरवाल्यांनी मनुका भरलेले एकल्स केक आणि बटाट्याचे पाई आणले होते, यॉर्कशायरवाल्यांनी चक्क्याचे टार्ट आणि सात-आठ प्रकारचं चीज. ग्लेनिसनं चहाचा मोठा बंब अलीकडच्या काठावर पेटवला होता. दूध मात्र पलीकडच्यांनी आणलं होतं आणि ते पलीकडेच ठेवलं होतं. झालं, आपोआप रांग लागली. लोक इकडे चहा घेत, कप सांभाळत दगडांवरून ओढा ओलांडत, तिकडे दूध घालत, आणि साखर इकडे म्हणून परत येत. मधल्या दगडावर दोन माणसं समोरासमोर आली की 'आधी तुम्ही', 'छे छे, आधी तुम्ही' यात चहा निवायचा. कुणी तक्रार केली नाही. दूध अलीकडे आणावं असंही कुणाला सुचलं नाही.

टेबल बर्टविसलचं होतं. भिंतीला कागद चिकटवताना मांडतात ते घडीचं, लांबलचक. असली दोन जोडून ओढ्यावर आडवी टाकली होती, जोड बरोबर पाण्याच्या मधोमध. "हत्ती उभा राहील," बर्टविसल म्हणाले. मी त्यावर ढाल ठेवली आणि टेबल किंचित कुरकुरलं.

अलीकडच्या टोकाला विनी आत्या येऊन बसली, निळी हॅट घालून. तिचे हात मांडीवर होते. मग पलीकडे बसमधून काका उतरला. हातात टार्टचा डबा. हळूहळू आला, खुर्ची उन्हात आहे हे आधी पाहिलं, मग बसला. कुरणभरचे कान तिकडे वळले.

"विनिफ्रेड," काका म्हणाला.

"कथबर्ट," आत्या म्हणाली. "म्हातारा दिसतोस."

"तू नाही दिसत. हॅट जुनी दिसते."

आमच्या घरात याला प्रेमाचं बोलणं म्हणतात. मी डोळे पुसले, आणि तेवढ्यात फेरी आली. छड्या वाजल्या. व्हिकर आणि हलच्या मासेवाल्यानं माझे पाय धरून मला उलटं केलं आणि डोकं दगडावर टेकवलं. टेकवलं हा शब्द व्हिकरांचा. मला जो आवाज आला तो ओढ्याच्या दोन्ही काठांवर ऐकू गेला म्हणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ग्लेनिसनं सगळ्यात जास्त.

मग व्हिकरांचं भाषण. ते वाक्य आलं तसे ते थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि गाळलं. पण भाषणात भोक पडलं, ते बुजवायला त्यांनी आमच्या आडनावाला हात घातला. ढालीवरचा सिंह बघून म्हणाले, "मानचिन्ह आडनावाला नसतं, माणसाला असतं. आणि इथं राहणाऱ्या माणसानं सिंह पाहिला असेल असं वाटत नाही, डुकरं पाहिली असतील. पण गंमत बघा, या रानात राहणाऱ्या कुणालाच ग्रिम्बलशॉ म्हणत नसत. का म्हणतील? सगळे इथलेच. जो इथून उठून दुसऱ्या गावी गेला, त्याला तिथले लोक म्हणाले, हा ग्रिम्बलशॉचा. म्हणजे या काठाचा की त्या काठाचा कोण जाणे, पण तुम्ही सगळे सोडून गेलेल्यांची लेकरं आहात."

आत्यानं काकाकडे पाहिलं. काका डब्याचं झाकण बघत होता. सोडून गेलास, हे वाक्य ती त्याच्याबद्दल सत्तावीस वर्षं म्हणत आली होती.

"टार्ट आणलंय," काका म्हणाला. "आईच्या हातचं असायचं तसं." आणि त्यानं डबा टेबलावर ठेवून आत्याकडे सरकवला.

डबा जोडापर्यंत आला आणि टेबल बसलं. आवाज मोठा झाला नाही. दोन्ही टेबलं मध्ये शांतपणे वाकली आणि त्यांच्यावरचं सगळं, एकल्स केक, चीज, सिंह, घसरत ओढ्यात निघालं. काका टार्ट धरायला वाकला तो गुडघाभर पाण्यात. टार्ट वाचलं, पण तो तसाच उभा, डबा डोक्यावर धरून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. आता टेबलही नव्हतं.

आत्या उठली. काठी घेतली. "डेस्मंड, हात दे," म्हणाली आणि मला काही कळायच्या आत पहिल्या दगडावर पाय ठेवला. लँकेशायरचे सगळे ग्रिम्बलशॉ श्वास रोखून बघत होते. रांग बाजूला झाली. एकेक दगड करत ती पलीकडे गेली, यॉर्कशायरात, शपथ मोडून, आणि काकाच्या उन्हातल्या खुर्चीशेजारी उभी राहिली.

"बाहेर ये मूर्खा, सर्दी होईल," ती म्हणाली. "आणि ते कापायला सुरी आणा कुणीतरी."

दोघं काठावरच्या गवतावर बसून टार्ट खाऊ लागली. काकाला रडू येत होतं आणि तो ते टार्टवर ढकलत होता, लिंबू जास्त पडलंय म्हणत होता. मासेवाला पाण्यातून एकल्स केक गोळा करून वाळत घालत होता. वाहत गेलेली ढाल शेवटी पुलाखाली मेंढ्यांना सापडली. एवढा आनंद मी आमच्या घरात कुठल्या लग्नातही पाहिला नव्हता.

निघताना काकानं मला बसपाशी बाजूला घेतलं. "डेस्मंड, चादर घट्ट बांधत जा. येताना वाऱ्यानं वर उडाली होती."

"काका, म्हणजे तुम्ही..."

"अरे, गेल्या वर्षी एप्रिलातच वाचलंय मी. विनिफ्रेडला सांगू नकोस. ती बिचारी माझ्यासाठी यॉर्कशायरात आली. आयुष्यात तिनं कुणासाठी एवढं केलं नाही. तिचा तेवढा आनंद राहू दे."

मी वचन दिलं. मोटारीत आत्याला घेऊन परत निघालो तेव्हा माझ्या डोक्यावर ओला रुमाल होता आणि मनात हे गुपित. आत्या बाहेर बघत होती.

"आत्या, तू शपथ मोडलीस हं त्याच्यासाठी," मी म्हणालो.

"कसली मोडली? मी रेडिओ ऐकते, डेस्मंड. आज मी एक पाऊलही लँकेशायरच्या बाहेर टाकलेलं नाही."

मी गाडी कडेला घेतली. "मग तू बोलली कशी नाहीस? इतकी वर्षं ज्याची वाट बघत होतीस ते आज हातात आलं होतं. काका अख्खी दुपार लँकेशायरात बसला."

"हो ना," आत्या म्हणाली. "आणि कथबर्ट सात वर्षांचा असल्यापासून पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. त्याला काय माहीत नव्हतं? माहीत असून आला तो. मग चार दगड मी नको ओलांडायला?"

सोमवार, गुरुवार, व्हिकर, चादर, खंदक, सगळं आठवलं. ज्यांच्यापासून लपवायचं ती दोघं पहिल्यापासून जाणून होती.

"मग आत्या," मी शेवटी विचारलं, "माझं डोकं त्या दगडावर कशाला आपटलं?"

आत्यानं माझा रुमाल नीट केला.

"हद्द कुणाच्या तरी लक्षात राहायला हवी ना, बाळा," ती म्हणाली. "आम्ही दोघं विसरलो."